पिवळ्या टोपणाच्या ट्यूबा

खोक्यात थर्मोकोलचे दोन रॅक होते. एका रॅकला शंभर भोकं, म्हणजे दोनशे ट्यूबा असायला हव्या होत्या. मी मोजल्या. पहिल्यात शंभर भरल्या, दुसऱ्यात सत्त्याण्णव. एका ट्यूबला बुडाशी तडा होता. अकरा ट्यूबांची लेबलं तिरकी लागली होती आणि दोन ट्यूबांची कडेनं सुटली होती, ती मी अंगठ्यानं दाबून बसवली. टोपणं सगळ्यांची पिवळी. आत तळाशी पांढरट जेल आणि त्यावर रक्त गोठू न देणारं थेंबभर पाण्यासारखं औषध. बॅचचा आकडा सगळ्यांवर एकच, मुदत संपायला चौदा महिने.

"तीन कमी आहेत," मी म्हणाले.

उमेश लठ्ठे कपाळाचा घाम पुसत स्टुलावर टेकला. "मॅडम, तीन ट्यूबांसाठी जीव घेताय व्हय? पुढच्या खेपेला चार देतो. वरची एक तुम्हाला बक्षीस."

"एकीला तडा आहे."

"मग पाच देतो. आता तरी चहा सांगा."

"आणि या लॉटचं सर्टिफिकेट? पुण्याच्या मॅडम देतात तसं."

"येतंय की मागनं मेलवर. सरांना विचारा, दहा वर्षं सिरिंजा देतोय मी. एक तरी कधी गळली का?"

मी रजिस्टरमध्ये लिहिलं : आल्या १९७, चांगल्या १९६, कमी ३, तडा १. खाली 'तपासून घेतले' असं लिहून सही केली, श्रद्धा मगदूम. मग चहा सांगितला.

याला आज सात वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मायक्रोबायोलॉजीची पदवी, वर लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा आणि इचलकरंजीत डॉ. तेरदाळे यांच्या हाडांच्या दवाखान्यात पहिली नोकरी. दवाखान्यासमोर सायझिंग होतं, म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना, दिवसभर खळीचा वास आत येई. गावात मागावर उभं राहून राहून गुडघे गेलेल्या माणसांना तोटा नव्हता. सरांनी त्यांच्यासाठी पीआरपी सुरू केलं होतं. पेशंटचं थोडं रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, त्यातला प्लेटलेटनं दाट झालेला भाग वेगळा काढायचा आणि त्याच पेशंटच्या गुडघ्यात टोचायचा. रक्त काढायचं आणि फिरवायचं काम माझं, टोचायचं सरांचं.

त्यासाठीचे किट आम्ही पुण्याच्या कुमठेकर मॅडमकडून घेत असू. या बाई माल पाठवून गप्प बसायच्या नाहीत. पार्सल पोचलं की फोन करून पाकिटावरचा आकडा वाचून दाखवायला लावायच्या, फ्रिजचं तापमान विचारायच्या. सर वैतागायचे. "ही बाई दुकान चालवते का शाळा?" असं म्हणायचे. त्या सोमवारी त्यांचा फोन आला तो वेगळ्याच कारणानं.

"श्रद्धा, तुमची ऑर्डर मी थांबवलीय. या लॉटचा निर्जंतुक असल्याचा रिपोर्ट अजून आला नाही. तो आल्याशिवाय मी सोडणार नाही. दोन आठवडे धर."

मी सरांना सांगितलं. ते एक्स-रे उजेडाला धरून बघत होते, तो त्यांनी खाली ठेवला.

"सहा पेशंटना गुरुवार दिलाय. त्यांना काय सांगू? पुण्यातल्या एका बाईचा कागद आला नाही, म्हणून तोवर कण्हत बसा?"

"पुढं ढकलता येईल, सर."

"त्यातल्या चौघांनी मालकाकडून सुट्टी काढलीय. ती ढकलता येते का, जाऊन विचार जरा. लठ्ठेला फोन लाव. आपला माणूस आहे."

मी फोन लावला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. बुधवारी दुपारी खोकं आलं.

गुरुवारी सहांपैकी चौथ्या रत्नाबाई हावळ होत्या. वय बावन्न. तीस वर्षं एकाच कारखान्यात कांड्या भरत होत्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती कांडी मशीनवर सुतानं भरून द्यायची, उभ्यानं, दहा-दहा तास. डाव्यापेक्षा उजवा गुडघा जास्त गेला होता. सोबत धाकटी बहीण शालन होती. दोघी एकाच गल्लीत दिलेल्या, समोरासमोर दारं.

"पंधरा दिस दिल्यात मालकानं," रत्नाबाई बाही वर करत म्हणाल्या. "सोळाव्या दिशी माझ्या मशीनवर दुसरी बाई. तवा काय असंल ते चौदा दिसांत बशीव गं बाई."

"आठ दिवसांत चालाल, मावशी."

"किती काढालीस? बाटली भरून नेणार काय?"

"वीस मिली. चार चमचे."

"आणि माझंच रगत मलाच देणार? मग काढालीस कशाला?"

शालन हसली. "अगं, गाळून देत्यात."

"च्या हाय व्हय गाळायला!"

मी दोन ट्यूबा भरल्या, हलक्या हातानं आठ वेळा उलटसुलट केल्या आणि सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर ठेवल्या. मशीन सुरू झालं तशा रत्नाबाई मान पुढं काढून ऐकत राहिल्या.

"किती फेरं घेतंय?"

"मिनिटाला तीन हजार."

"आमच्या कांडी मशीनची भैणच म्हण की." मग शालनकडं बघून, "तुझ्यापरास बरी. हिचा आवाज तरी कमी हाय."

"मग ऱ्हा जा हिच्याकडंच," शालन म्हणाली. "रातच्याला पाय दाबायला मला हाळी मारू नगंस."

मला मोजायची हौस होती. सर सांगत नसत, तरी मी प्रत्येक पेशंटच्या प्लेटलेट आधी आणि नंतर मोजत असे. रत्नाबाईंच्या रक्तात दोन लाख चाळीस हजार होत्या. फिरवून काढलेल्या भागात नऊ लाख चौऱ्याऐंशी हजार. चार पूर्णांक एक पट. पुण्याच्या किटमध्ये इतका चांगला आकडा मला कधी मिळाला नव्हता. मी तो चिठ्ठीवर लिहून सरांना दिला.

"बघ," सर म्हणाले. "उगाच पुणं पुणं करतो आपण."

टोचण्यात काही हयगय झाली नाही, हे मला सांगितलं पाहिजे. मी शेजारीच उभी होते. सरांनी हात धुतले, नवे हातमोजे घातले, गुडघा औषधानं तीन वेळा पुसला, सुई नवी घेतली. पाच मिली आत गेलं. रत्नाबाईंनी शालनचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

"दोन दिवस शेकायचं नाही, चोळायचं नाही, काही बांधायचं नाही," सरांनी बजावलं. "दुखलं तर गोळी."

रविवारी सकाळी नऊ वाजता सरांचा फोन आला. दवाखाना बंद असतो त्या दिवशी. मी पोचले तेव्हा रत्नाबाईंना रिक्षातून उचलून आत आणलं होतं. गुडघ्याची वाटी कुठं आहे ते समजत नव्हतं, मांडीपासून पोटरीपर्यंत एकच तुकतुकीत लाल सूज. कातडीवर हिरवे डाग आणि दोन-चार चुरगळलेली पानं चिकटलेली. ताप एकशे तीन. शालन भिंतीला पाठ लावून उभी होती.

"हे हिरवं काय आहे?" सरांनी विचारलं.

"निरगुडीचा पाला," शालन म्हणाली. "काल सांजच्याला गरम करून बांधला. लईच ठणकाय लागलं, वरडाय लागली, म्हणून."

"मी काय सांगितलं होतं? काय सांगितलं होतं मी?"

"चुकलं, सायेब."

"चुकलं म्हणून भागतंय?"

रत्नाबाईंनी डोळे उघडले. "तिला बोलू नगासा. आधीच ठणकत होतं. शुक्रवारपास्नंच."

सरांनी ते ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी ऐकलं. त्यांनी गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं. छत्तीस मिली निघालं, गढूळ, हिरवट झाक असलेलं. ते घेऊन मी लॅबमध्ये गेले, काचेवर थेंब पसरला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पुवाच्या पेशींमध्ये लाल रंगाचे बारीक दांडके विखुरले होते.

मी सरांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ काढला.

"रंग जास्त धुतलास, म्हणून लाल दिसतायत. पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. तेच दिसलं.

"पाल्याखाली कातडी फुटली असणार," सर म्हणाले. "तिथून शिरलेत."

"कातडीवरचे जंतू या रंगात बहुतेक निळे गोळे दिसतात, सर. हे लाल दांडके आहेत. पाण्यात, ओलीत वाढणारे असतात तसले."

"पाला काय कोरडा असतो? उद्या कल्चर येईल तेव्हा बघू. तोपर्यंत नेहमीचं इंजेक्शन चालू करतो."

नेहमीचं इंजेक्शन निळ्या गोळ्यांवर चालतं. लाल दांडक्यांवर त्याचा भरवसा नसतो, हे मला माहीत होतं आणि सरांनाही माहीत असणार. मी मान डोलावली. कल्चर येऊ दे, खात्री होऊ दे, मग बोलू, असं मी स्वतःला सांगितलं.

सर वॉर्डात गेले. मी प्लेटवर जंतू वाढायला लावले आणि मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी, रॅकमधून न वापरलेल्या वीस ट्यूबा काढल्या. प्रत्येकीचं टोपण स्पिरिटनं पुसून, निर्जंतुक सुईनं टोपणातूनच आत जंतू वाढवायचा खाद्यद्रव सोडला. हे पाणी पारदर्शक असतं. ट्यूब आतून स्वच्छ असेल तर ते तसंच राहतं. आत जंतू असतील तर दुसऱ्या दिवशी गढूळ होतं. चौदाव्या ट्यूबला माझा हातमोजा ओला होता. लेबल त्याला चिकटून अख्खं निघून आलं.

खाली दुसरं लेबल होतं, कंपनीनं छापलेलं. बॅचचा आकडा वेगळा, मुदत सहा महिन्यांपूर्वी संपलेली. खाली बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं की ही ट्यूब फक्त प्रयोगशाळेतल्या तपासणीसाठी आहे. यातली कोणतीही गोष्ट रुग्णाच्या शरीरात सोडू नये.

मी लठ्ठेला फोन लावला. मागं लग्नाचा बँड वाजत होता.

"लेबलं? वरनंच आल्यात मॅडम तसली. मी कशाला लावत बसू?"

"पण या पीआरपीच्या नाहीत. या लॅबच्या आहेत."

"आता बघा," तो बाजूला आला असावा, बँड लांब गेला. "मी तुम्हाला विचारलं होतं का नाही, कुठल्या पाहिजेत? तुम्ही काय म्हणाला?"

मी हातातल्या ट्यूबच्या टोपणाकडं पाहिलं.

"पिवळ्या म्हणाला. मी म्हटलं, जेलच्या का? तुम्ही म्हणाला, हो, जेलच्या पिवळ्या, दोनशे. एवढंच बोलणं झालं आपलं. मी पिवळ्या दिल्या."

ते खरं होतं. लॅबमध्ये आम्ही सगळेच ट्यूबांना टोपणाच्या रंगानं ओळखतो. रक्ताच्या मोजणीला जांभळी, गोठण्याच्या तपासणीला निळी, साखरेला करडी. "एक जांभळी दे गं," असं दिवसातून तीस वेळा म्हणतो. पुण्याच्या किटमधल्या ट्यूबचं टोपण पिवळं होतं, म्हणून ती पिवळी. पण जांभळीतलं, निळीतलं, करडीतलं रक्त तपासून झालं की टाकून द्यायचं असतं. ते कचऱ्यात जातं, माणसात परत येत नाही. फक्त या एकीतलं परत जाणार होतं. तिला वेगळं नाव आम्ही कधी दिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी प्लेटवर हिरवट वाढ आली होती. झाकण उचललं की द्राक्षांसारखा गोड वास. कॉलेजात या वासाची आम्हाला ओळख करून दिली होती. हा जंतू नाकानंच कळतो. खाद्यद्रव घातलेल्या वीस ट्यूबांपैकी सतरा स्वच्छ होत्या. तीन गढूळ. त्या तिन्हींनाही तोच वास होता.

मी रॅक, प्लेट आणि निघालेलं लेबल असं सगळं ट्रेमध्ये घालून सरांच्या केबिनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. त्यांनी लेबल दोनदा वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"बाकीचे पाच?"

"सकाळी फोन केले. कसं आहे म्हणून सहज विचारलं. पाचही बरे आहेत."

त्यांनी श्वास सोडला. मग पॅड ओढून सांगलीच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहायला घेतली. जंतूचं नाव लिहिलं, कोणतं औषध लागू पडेल ते लिहिलं. मग लिहिलं : 'घरी पाला बांधल्यानंतर सांध्यात जंतुसंसर्ग.'

"सर, हे खरं नाही."

"पाला बांधला नव्हता?"

"दुखणं पाल्याच्या आधीपासून होतं. त्या म्हणाल्या ना. ट्यूबचं लिहा, सर."

"जंतू लिहिलाय. औषध लिहिलंय. उपचाराला एवढंच लागतं. ट्यूबचं लिहून तिचा गुडघा लवकर बरा होणार आहे का?"

"पण ती बहीण..."

"श्रद्धा." ते ओरडले नाहीत. त्यांचा आवाज दमलेला होता. "मी बारा वर्षं या गावात हाडं जोडतोय. ही एक ओळ लिहिली की दवाखाना बंद. आणि ते रजिस्टर कुणी मागितलं तर आधी काय वाचतील? 'तपासून घेतले.' खाली नाव कुणाचंय?"

मी ट्रे उचलला.

"ते खोकं लठ्ठे संध्याकाळी घेऊन जाईल," सर म्हणाले.

दुपारी बारा वाजता अँब्युलन्स आली. शालन चढायला लागली तशी रत्नाबाईंच्या थोरल्या मुलानं तिचा हात बाजूला केला. "मावशी, तू ऱ्हाऊ दे. तू लई केलंस." सरांनी चिठ्ठीतली ओळ त्याला मराठीत समजावून सांगितली होती. शालन रस्त्यातच उभी राहिली. समोरच्या सायझिंगमधली माणसं बघत होती. मी खिडकीत होते. खाली उतरून एक वाक्य बोलायला दोन मिनिटं लागली असती.

त्या संध्याकाळी मी एवढंच केलं. खोकं जायच्या आधी तीन गढूळ ट्यूबा आणि ते लेबल काढून ठेवलं, आणि जे पाहिलं ते तारीख-वेळेसकट एका कागदावर लिहून खाली सही केली. कागद चार महिने माझ्या कपाटात होता. कुमठेकर मॅडमचा लॉट बाराव्या दिवशी आला. प्रत्येक किट वेगळ्या पाकिटात, सोबत रिपोर्ट. पोचल्यावर त्यांचा फोन आला. मी आकडा वाचून दाखवला.

रत्नाबाईंच्या बातम्या कानावर येत होत्या. सांगलीला तीनदा गुडघा उघडून धुतला. कूर्चा गेली. कांडी मशीनवर दुसरी बाई आली. आणि समोरासमोरची दोन दारं बंद झाली. मुलानं शालनला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. शालनच्या नवऱ्यानंही तिला बोलून घेतलं. गल्लीत तिचं नाव 'पालेवाली' पडलं. हे मला दवाखान्यातल्या मावशींनी फरशी पुसता पुसता हसत सांगितलं.

मी नोकरी सोडली आणि एका मंगळवारी गावातल्या धर्मादाय दवाखान्यात गेले. व्यायामासाठी रत्नाबाई तिथं मंगळवारी येतात, असं कळलं होतं. त्या बाहेरच्या बाकावर एकट्या बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे बाकाच्या कडेला टेकल्या होत्या. उजवा पाय वाटेत पुढं आलेला, येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते.

"कोण गं? रगतवाली पोरगी न्हवं?"

"होय, मावशी."

"बस. तुझं लगीन ठरलं काय?"

"नाही." मी बसले. "मावशी, शालनमावशीच्या पाल्यानं हे झालेलं नाही."

त्या माझ्याकडं वळल्या नाहीत. मी सगळं सांगितलं. लेबल, तीन गढूळ ट्यूबा, वास, चिठ्ठीतली ओळ. कागद वाचून दाखवला.

"म्हंजे सुईतनंच गेलं आत."

"ट्यूबेतून. रक्त ट्यूबेत घाण झालं. तेच सुईनं आत गेलं."

"त्या कुणी आणल्या?"

"मी मागवल्या. फोनवर."

"काय म्हणून मागवल्यास?"

"पिवळ्या म्हणून."

"नुस्त्या पिवळ्या?"

"हो."

मग त्या बोलल्या, आवाज न चढवता, मशीनवर नवी आलेली बाई शिकवावी तशा. "तीस वर्सं सुतात काढली मी. मालकाचं पोरगंबी दुकानात जाऊन पांढरं सूत द्या म्हणत न्हाई. समदंच पांढरं असतंय. चाळीस नंबरचं का साठचं, एकेरी का दुहेरी, कुठल्या गिरणीचं, समदं सांगाय लागतंय. एक आकडा चुकला तर अख्खं कापड वाया जातंय. आणि कापडच असतंय ते."

मी कागद मांडीवर सरळ केला.

"चार म्हैनं कुठं हुतीस?"

"भीत होते."

"आणि शाली?" आता त्यांचा आवाज फाटला. "ती भीत न्हवती? माझ्या दारासमोरनं खाली मान घालून पाण्याला जाती ती. मी खिडकीतनं बघतो आणि हाक मारत न्हाई. माझ्याच भैणीला! जी रातभर माझा पाय मांडीवर घेऊन बसली!"

बाकावरची दोन माणसं वळून बघायला लागली. रत्नाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, खूप जोरानं, कातडी ओढली जाईल इतक्या जोरानं. मग हात पुढं केला.

"दे तो कागद."

मी दिला. त्यांनी घडी घालून तो पोलक्यात ठेवला.

"फोन लाव. शालीला. नंबर मला पाठ हाय." त्यांनी दहा आकडे न अडखळता सांगितले. मी लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून दोन वेळा 'हॅलो' आलं. मग रत्नाबाई म्हणाल्या, "शाले, मी हाय. धर्मादायात हाय. न्यायला ये." आणि फोन मला परत दिला.

तेवढ्यात आतून नाव पुकारलं. मी त्यांना काखेत हात घालून आत नेलं. फिजिओथेरपिस्ट माझ्याच वयाची मुलगी होती. तिनं त्यांना उंच बाकावर निजवलं.

"घरच्या कोण आहात का?" तिनं मला विचारलं.

"ती लिवून घेईल," रत्नाबाई छताकडं बघत म्हणाल्या. "तिला आकडं बरं येत्यात."

मुलीनं माझ्या हातात कार्ड आणि पेन दिलं. गेल्या आठवड्यांचे आकडे एकाखाली एक होते.

"पाय सरळ म्हणजे शून्य, खुर्चीत नीट बसायला नव्वद अंश लागतात, मावशी," ती म्हणाली. "जिना चढायला त्याहून जास्त. सोडा पाय. ढिला सोडा."

तिनं मांडीखाली एक हात घातला, दुसऱ्यानं घोटा धरला आणि गुडघा हळूहळू वाकवत नेला. रत्नाबाईंनी बाकाच्या दोन्ही कडा धरल्या. पाय एका जागी येऊन थांबला. मुलीनं आणखी जोर लावला. तो हलला नाही. तिनं कोनमापक लावला, वाकून वाचलं, खात्रीसाठी काढून पुन्हा लावला आणि पाय किती सरळ होतो, किती वाकतो, ते दोन्ही आकडे मला सांगितले. मी तारीख घातली आणि लिहिलं :

उजवा गुडघा. पंधरा अंशांपासून अडतीस अंशांपर्यंत.